प्रोजेक्ट संपला, आता एकत्र बसून बोलायचं कसं?

मशीन डिस्पॅच झालं, ग्राहकाची सही मिळाली की आमच्याकडे पेढे येतात आणि फाइल कपाटात जाते. पुढच्या मशीनला पुन्हा तीच चूक, तीच शेवटच्या आठवड्यातली रात्रपाळी आणि तेच पेढे. भोसरीत स्पेशल पर्पज मशीन, म्हणजे एकाच ग्राहकाच्या एकाच कामासाठी खास बनवलेलं मशीन, बनवणाऱ्या शॉपमध्ये मी बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं प्रत्येक मोठं काम संपलं की सगळ्यांना घेऊन बसतो. आयटीवाले याला रेट्रो म्हणतात, क्वालिटीवाले लेसन्स लर्न्ट म्हणतात, आमच्या शॉपवर याचं नाव 'पंचनामा' पडलंय. काहीही म्हणा. पण भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवा, आधी सगळ्यांचं कौतुक करा, लोकांना मोकळं वाटू द्या, या छापाच्या सल्ल्यांनी माझी पहिली काही वर्षं फुकट घालवली. 'मोकळेपणाने बोला' असं साहेबांनी सांगितलं की माणूस हमखास गप्प बसतो.

काम संपल्यापासून दोन आठवड्यांच्या आत बसा. लगेच बसलात तर माणसं दमलेली असतात, महिन्याने बसलात तर विसरलेली. पगारवाढीच्या दिवसांत ठेवू नका, त्या महिन्यात कोणीही खरं बोलत नाही. गणपतीतही नको. दीड तास पुरतो. वडापाव शेवटी मागवा.

ज्यांचा कामाला हात लागला ते सगळे हवेत: डिझाइन, पर्चेस, स्टोअर, मशीनशॉप, असेंब्ली, आणि ग्राहकाकडे आठ दिवस राहून मशीन चालू करून देणारा पोरगा. या पोराला लोक हटकून विसरतात आणि सगळ्यात जास्त माहिती त्याच्याकडेच असते. दहाच्या वर माणसं होत असतील तर दोन बैठका घ्या.

मालक किंवा डायरेक्टर यांनी शेवटच्या वीस मिनिटांना यायचं. यावर मी वाद घालत नाही. साहेब सुरुवातीला बसले आणि 'मला वाटतं डिझाइनने उशीर केला' एवढं जरी बोलले, तरी आठ माना डोलतात आणि पंचनामा तिथेच आटोपतो. आमच्या साहेबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

येताना कागद आणायला सांगा. पीओ (म्हणजे खरेदीची ऑर्डर), ड्रॉइंगच्या सगळ्या रिव्हिजन (म्हणजे ए, बी, सी अशा सुधारित आवृत्त्या), मालाची चलनं, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज.

मग भिंतीवर लांब कागद लावून त्यावर तारखा मांडायच्या. अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात सरावातल्या लढायांनंतर अशी बैठक घ्यायला सुरुवात केली. त्यांचे चार प्रश्न आजही पुरतात: काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. क्रम मोडू नका. लोकांना तिसऱ्या प्रश्नावर उडी मारायची घाई असते, त्यांना पहिल्या दोनवर अर्धा तास बांधून ठेवा. कागदावर विशेषणं चालणार नाहीत. 'मोटर फार उशिरा आली' असं लिहायचं नाही. 'मोटर ५ तारखेला यायची होती, १९ ला आली' असं लिहायचं. इथवर सोपं आहे.

अवघड आहे ते 'का'.

'का' हा शब्द मराठीत प्रश्न म्हणून फारसा वापरलाच जात नाही. 'का उशीर झाला?' असं आईने दारात विचारलं तेव्हा तिला कारण हवं होतं का? आपण लहानपणापासून 'का' ऐकला की बचावाला उभे राहतो. ऑफिसात 'तुम्ही जुनं ड्रॉइंग का वापरलं?' म्हटलं की समोरचा एक तर माफी मागतो, नाही तर दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माहिती कोणीच देत नाही. हे मला कळायला एक बेसप्लेट भंगारात जावी लागली.

चाकणच्या एका ग्राहकाचं ड्रिलिंगचं मशीन होतं. ट्रायलला जॉब, म्हणजे भोकं पाडायचा तुकडा, तो पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये बसेना. त्याची जागा ठरवणाऱ्या लोकेटिंग पिनचं बेसप्लेटवरचं भोक चार मिलिमीटरने चुकलेलं. नवी प्लेट करण्यात अकरा दिवस गेले. पंचनाम्यात मी विचारलं, "हे का झालं?" प्रश्न सगळ्यांना होता, पण नजर मशीनशॉपमधल्या काकांवर होती. भोकं त्यांनी पाडली होती. काका उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "माझं चुकलं साहेब. ड्रॉइंग बघून घ्यायला पाहिजे होतं." खोलीतल्या प्रत्येकाचा जीव भांड्यात पडला. मी लिहून घेतलं: 'मशीनशॉपने ड्रॉइंगची रिव्हिजन तपासून घेणे.' विषय सात मिनिटांत संपला आणि मी स्वतःवर खूश होतो.

आठ महिन्यांनी दुसरं मशीन, दुसरा ऑपरेटर, आणि चूक तीच. या वेळी एका ब्रॅकेटची.

तेव्हा 'का' गिळला आणि विचारलं, "त्या दिवशी सकाळी तुझ्यासमोर कोणता कागद होता?" पोरगा म्हणाला, "शॉपमधल्या फळ्यावर लावलेला होता तोच. रिव्हिजन बी." तो प्रिंट त्याने आणलाही होता, कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. मग डिझाइनच्या मुलीला विचारलं, "रिव्हिजन सी तुझ्याकडून कधी निघाली?" तिने मोबाइल काढून दाखवलं. गुरुवार, संध्याकाळी ५:४०, ग्रुपवर टाकली. तेवढ्यात असेंब्लीतला एक जण पुटपुटला, "डिझाइनवाल्यांना गुरुवार माहीत नसतो बहुतेक."

पुण्यात टोमणा मारणाऱ्याला गप्प करायची घाई करू नये. कारण बऱ्याचदा टोमण्यातच सापडतं. मी त्याला म्हटलं, हेच जरा नीट सांग. तेव्हा निघालं ते असं. इथल्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आमचं शॉपही गुरुवारी बंद. डिझाइन ऑफिस मात्र कोथरूडला, त्यांची सुट्टी रविवारी. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी पाठवलेलं ड्रॉइंग तिच्या दृष्टीने पोचलेलं होतं आणि इथे ते उघडायलाच कोणी नव्हतं. शुक्रवारी सातच्या पाळीने फळ्यावरचा प्रिंट घेतला आणि काम सुरू केलं. नवा प्रिंट काढून जुना उतरवणं हे कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. मी आधीच्या मशीनचे मेसेज उघडून पाहिले, तर तिथेही गुरुवारच. आणि काका त्या ग्रुपवर नव्हतेच, त्यांच्याकडे साधा फोन होता. त्यांची माफी मी आठ महिने फाइलला लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मशीनपाशी जाऊन हे सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तेव्हापासून माझे या टप्प्याचे काही हट्ट आहेत. एक, 'माझं चुकलं' आलं की तिथे थांबायचं नाही. प्रामाणिक माणूस पटकन माफी मागतो आणि त्याच्यामागे पाच जण लपतात. माफी ऐकून घ्या, मान हलवा आणि विचारा, "बरं, त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं?"

दोन, 'हे कळायलाच पाहिजे होतं' हे वाक्य कोणी बोललं की मी त्याला भिंतीवरच्या कागदापाशी उभं करतो आणि कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावरून कळायला पाहिजे होतं ते दाखवायला सांगतो. बहुतेक वेळा दाखवता येत नाही. निकाल माहीत झाला की तो आधीपासून दिसतच होता असं आपल्याला मनापासून वाटू लागतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ आणि त्यांच्या सहकारी रूथ बेथ यांनी याचा एक प्रयोग केला होता. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीनला जाण्याआधी त्यांनी लोकांकडून अंदाज घेतले, काय घडेल आणि किती शक्यता आहे. दौऱ्यानंतर त्यांनाच विचारलं, तुम्ही काय अंदाज दिला होता? जे घडलं त्याची शक्यता आपण जास्त धरली होती, असंच लोकांना आठवत होतं. ते खोटं बोलत नव्हते. तुमच्या पर्चेसच्या मॅडमही 'मला तेव्हाच वाटलं होतं' म्हणतात तेव्हा खोटं बोलत नसतात. फक्त त्यावर निर्णय घेऊ नका, त्या तारखेचा मेल मागा.

तीन, 'पाच वेळा का विचारा' या मंत्राची पोपटपंची नको. टोयोटाच्या ताईची ओनोंचं उदाहरण शॉपवर सगळ्यांना पाठ असतं: मशीन बंद का पडलं, फ्यूज का उडाला, असं करत करत पंपाला गाळणी नव्हती इथवर पोचायचं. मशीनच्या बाबतीत ते उत्तम चालतं, कारण फ्यूजला वाईट वाटत नाही. माणसांना लागोपाठ पाच 'का' विचारले की पोलीस चौकीत बसल्यासारखं होतं. शिवाय साखळी एकच धरली की दुसरी सुटते. आमच्याकडे सुट्टीचा दिवस, फळ्यावरचा प्रिंट आणि ग्रुपवर नसलेले काका, तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या.

आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मी मनात वीसपर्यंत मोजतो. पंधरा-सोळाच्या सुमारास स्टोअरमधला माणूस घसा खाकरतो.

निर्णय तीनच घ्या. प्रत्येकासमोर एक नाव आणि एक तारीख. 'यापुढे काळजी घेणे', 'समन्वय वाढवणे' असली वाक्यं मी लिहूच देत नाही. ज्याने ती सुचवली त्यालाच विचारतो, सोमवारी सकाळी येऊन तू नेमकं काय करणार? आमचा त्या वेळचा निर्णय एका ओळीचा होता: जुना प्रिंट हातात दिल्याशिवाय नवा मिळणार नाही. तो आजही चालू आहे. बुधवारी दुपारी चारनंतर ड्रॉइंग पाठवायचं नाही, असाही एक निर्णय घेतला होता. तो दोन महिन्यांत मोडला आणि मोडणार हे दिसतच होतं. (बघा, मीही तेच म्हणतोय.)

सगळं एका पानात लिहा, दोन नकोत. ते पान सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवलंत तर पुन्हा कोणी बघणार नाही. आमच्याकडे ते पुढच्या पीओच्या फाइलला पहिलं पान म्हणून लागतं. नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत सगळ्यात नवीन माणसाने ते मोठ्याने वाचायचं. तो ज्या ओळीवर अडखळतो, तिथे जुन्यांपैकी कोणी तरी गुरुवारची गोष्ट सांगतो.