इनोडीबीचे डेडलॉक आणि क्रॅश: या चुका टाळा

मायएसक्यूएल (डेटाबेस सर्व्हर) अडकलं की आधी रीस्टार्ट मारायचा आणि मग विचारायचं, "काय झालं होतं?" सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच. इनोडीबी म्हणजे मायएसक्यूएलमधला डेटा साठवणारा भाग; डेडलॉक म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारी कामं) एकमेकांच्या लॉकची वाट पाहत अडकणं. 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' ही कमांड फक्त शेवटचा डेडलॉक दाखवते आणि रीस्टार्टनंतर तोही जातो. 'इनोडीबी प्रिंट ऑल डेडलॉक्स' ही सेटिंग पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, म्हणजे प्रत्येक डेडलॉक एरर लॉगमध्ये उतरतो.

एरर 1213 आणि 1205 एकाच कॅचमध्ये (एरर हाताळणाऱ्या कोडमध्ये) पकडू नका. 1205 म्हणजे लॉकची वाट पाहून वेळ संपली, डिफॉल्ट 50 सेकंद. यात फक्त ते स्टेटमेंट मागे जातं, म्हणजे रद्द होतं. ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं, आधीची लॉकंही तशीच. 1213 म्हणजे डेडलॉक, आणि यात अख्खं ट्रान्झॅक्शन मागे जातं. आता कोडने शेवटचं स्टेटमेंट तेवढं पुन्हा चालवलं तर? एका खात्यातून वजा करणारा अपडेट आधीच पुसला गेलाय, दुसऱ्या खात्यात जमा करणारा मात्र ऑटोकमिटने (प्रत्येक स्टेटमेंट आपोआप पक्कं करणाऱ्या सोयीने) एकटाच टिकतो. पैसे हवेतून आले! 1213 आला की 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन'पासून सगळं पुन्हा. टाइमआउट वाढवून डेडलॉक जात नाही.

"आधी बघतो, नसेल तर घालतो" हे नवशिक्यांचं लाडकं दुखणं. ऑर्डर 501 साठी पहिलं ट्रान्झॅक्शन 'सिलेक्ट फॉर अपडेट' (लॉक घेऊन वाचणं) करतं, 502 साठी दुसरं. दोन्ही ओळी अजून नाहीत, म्हणून रिपीटेबल रीड या आयसोलेशन पातळीत दोघांना त्याच मोकळ्या जागेवर गॅप लॉक (त्या जागेत दुसऱ्याला नवी ओळ घालू न देणारं) मिळतं. गॅप लॉकं एकमेकांना अडवत नाहीत, त्यामुळे इथवर सगळं गोड. इन्सर्टला मात्र समोरच्याचं गॅप लॉक आडवं येतं: पहिला थांबतो, दुसरा इन्सर्ट करतो, डेडलॉक. लॉगमध्ये 'इन्सर्ट इन्टेन्शन वेटिंग' दिसलं की संशय इथेच घ्यावा. युनिक की लावा, थेट इन्सर्ट करा आणि 1062 (की दोनदा आल्याची एरर) आला तर 'आधीच आहे' समजा. रीट्राय तरीही ठेवाच.

क्रॅश झाला आणि एरर लॉगमध्ये अवाक्षर नाही? इनोडीबीला शिव्या घालण्याआधी 'डीमेसेज' (लिनक्स कर्नलचा लॉग) बघा. बहुधा ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेने) प्रोसेस मारलेली असते, कारण कुणीतरी बफर पूलला (इनोडीबीच्या मेमरीतल्या साठ्याला) जवळपास सगळी रॅम दिलेली असते. लॉगमध्ये सिग्नल 6 असेल तर म्हणजे प्रोसेसने स्वतःच थांबायचं ठरवलं असेल, तर त्याच्या वरची असर्शनची (कोडमधली अट मोडल्याची) ओळ वाचा.

सेमाफोरची (इनोडीबीच्या आतल्या लॉकची) वाट 600 सेकंदांपुढे गेली की इनोडीबी मुद्दाम स्वतःला पाडतं. ते होण्याआधी जीडीबी (डिबगर) बॅच मोडमध्ये जोडून सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस (कोण कुठे अडकलंय याची यादी) घ्या, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने दोनतीनदा. त्यात फंक्शनची नावं दिसण्यासाठी डिबग सिम्बॉल आधीपासून बसवलेले हवेत. जीडीबी जोडलेलं असताना सर्व्हर थांबतो, तेव्हा उघडं ठेवून चहाला जाऊ नका.

आणि बिघडलेला सर्व्हर कसाबसा उठवायची 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' ही सेटिंग थेट 6? कुठूनतरी चिकटवलेल्या या ओळीने वाचण्यासारखा डेटाही मातीत जातो. 6 म्हणजे रीडू लॉग (क्रॅशनंतर बदल परत लावायची नोंद) लावायचाच नाही. 4 पासूनच डेटा कायमचा बिघडू शकतो. सर्व्हर बंद करून डेटा डिरेक्टरीची अख्खी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा, मग 1 पासून एकेक पायरी चढा. सर्व्हर उठला की तिथेच थांबा, डंप (डेटाची निर्यात) घ्या आणि तो कोऱ्या इन्स्टन्समध्ये भरा. रीडू लॉगच्या फाइली हाताने उडवू नका, आणि रिकव्हरी मोडवरच ॲप चालवायचा हट्ट तर नकोच: 1 असला तरी इन्सर्ट, अपडेट, डिलीट चालत नाहीत.