दारूने मन बिघडतंय का, हे स्वतःच कसं तपासायचं

टेन्शन आलं की पितो असं सांगणारे खोटं बोलत नसतात, पहिल्या पेगला खरंच हलकं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी जी बेचैनी असते ना, त्यातली आयुष्याची किती आणि कालच्या दारूची किती, हे वेगळं करून कुणी बघतच नाही. ते बघायला साधारण पाच आठवडे आणि एक वही लागते.

१. आधी एकदम सोडणं झेपेल का ते बघा

ही पायरी कृपा करून गाळू नका. रोज भरपूर पिणं असेल, सकाळी कुलपात किल्ली घालताना हात थरथरत असेल आणि दोन घोट पोटात गेल्यावरच तो थांबत असेल, किंवा आधी कधी दारू सोडताना फिट आली असेल, तर स्वतःच्या मनाने अचानक बंद करायची नाही. शरीराला सवय लागलेली असते. शेवटच्या पेगनंतर पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात, आणि यात जीवही जातो. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची, त्यासाठी औषधं आहेत, सोबत बी१ व्हिटॅमिनही देतात.

२. पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त लिहा

रोज तीनच गोष्टी. काल किती घेतली, रात्री जाग किती वाजता आली, सकाळी मन कसं होतं (१० पैकी मार्क द्या). पेग मोजून लिहा, "थोडीशी" असं लिहायचं नाही, कारण थोडीशी म्हणजे किती हे आपल्यालाच माहीत नसतं.

३. पहाटे तीनची जाग समजून घ्या

दारू मेंदूला शांत करणारी यंत्रणा वाढवते आणि जागं ठेवणारी दाबते, म्हणून सुरुवातीला बरं वाटतं, पण मेंदू गप्प बसत नाही, तोल सांभाळायला तो उलट बाजूने जोर लावतो. ३० मिलीचा एक पेग उतरायला ढोबळमानाने एक तास लागतो, म्हणजे रात्री अकराला चार पेग अंगात असतील तर ते उतरेपर्यंत तीन वाजतात, आणि दारू उतरली तरी मेंदूचा तो जोर तसाच चालू राहतो. मग छातीत धडधड, घाम, आपण काल काय बोललो याची भीती, सगळी जुनी दुखणी एकदम वर येतात. त्या वेळी वाटतं की आपलं आयुष्यच बिघडलंय! त्या तासाला कुठलाही निर्णय घेऊ नका, कुणाला मेसेज करू नका, पाणी प्या आणि उजाडू द्या.

४. मग चार आठवडे पूर्ण बंद

कमी करण्यापेक्षा बंद ठेवणं सोपं जातं असं माझं मत, रोज रोज स्वतःशी घासाघीस करावी लागत नाही. पहिला आठवडा वाईट जाईल, झोप नीट लागणार नाही, चिडचिड होईल, त्यावरून निकाल लावू नका. तलफ लाटेसारखी येते, बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते, तेवढ्यात चालायला जा, आंघोळ करा, कुणाला तरी फोन लावा. घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा. वही चालूच ठेवा.

५. शेवटी वही उघडा

पहिल्या, म्हणजे पिण्याच्या आठवड्याचे मार्क आणि बंदच्या शेवटच्या आठवड्याचे शेजारी ठेवून बघा. झोप सलग झाली असेल, सकाळची भीती गेली असेल, तर उत्तर मिळालं. पण चार आठवड्यांनंतरही मन तसंच जड असेल तर डिप्रेशन वेगळं असू शकतं आणि त्याचा इलाज वेगळा करावा लागतो, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जाताना वही घेऊन जा आणि आकडा खरा सांगा, कारण झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र झाली तर श्वास मंदावू शकतो, डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं.

आणि जगू नये असं मनात येत असेल तर पाच आठवडे थांबायचंच नाही. नशेत माणूस आवरत नाही, एरवी जे नुसतं मनात राहिलं असतं ते हातून घडून जातं. आजच कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका, आणि त्या माणसाला घेऊनच दवाखान्यात जा.