रोड सेफ्टी ऑडिटला नव्याने लागलात? रात्रीचा रस्ता बघा

सिव्हिल करून रस्ता किती सुरक्षित आहे हे तपासायच्या या कामाला लागलात की इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६७ (फलक) आणि आयआरसी ३५ (पट्टे) ही दोन पुस्तकं हातात पडतात. वाचा, पण पाठ करत बसू नका. लाल काठाचा त्रिकोण सावधगिरीचा, गोल बंधनाचा, अष्टकोन थांबण्याचा, उलटा त्रिकोण वाट देण्याचा, एवढं आठवड्यात अंगवळणी पडतं.

दिवसा फिरून यादी भरली की निम्मंच काम होतं. तोच रस्ता रात्री हेडलाइटमध्ये बघा, फोटोही ड्रायव्हरच्या सीटवरून काढा. एखादा फलक काळा दिसला तर दुसऱ्या दिवशी तो ओल्या फडक्याने अर्धाच पुसा आणि रात्री पुन्हा बघा. पुसलेला भाग उजळला तर दोष धुळीचा. दोन्ही भाग सारखेच मेलेले दिसले तर शीटिंग (फलकावरचा उजेड परतवणारा पापुद्रा) बदलायला लिहा. (वाढदिवसाच्या फ्लेक्सआड गेलेल्या फलकांचं काय लिहायचं, ते ज्याने त्याने ठरवावं.)

पट्ट्यांची खरी गंमत हेडलाइटचा उजेड माघारी पाठवणाऱ्या काचेच्या बारीक मण्यांत आहे. थर्मोप्लास्टिक (पट्ट्याचा वितळवलेला रंग) गरम असतानाच ते वरून टाकतात. मणी अर्ध्याहून किंचित जास्त रुतला की टिकतोही आणि चमकतोही. रंग निवल्यावर पडलेले मणी टायरांनी उडून जातात. नव्या पट्ट्यावर हात फिरवा, साखरेसारखी खरखर लागली पाहिजे. मात्र हे दिवसा, ट्रॅफिकचे शंकू लावून, जॅकेट घालून आणि गाड्यांवर नजर ठेवणारा जोडीदार घेऊनच.

रेट्रोरिफ्लेक्टोमीटर (माघारी येणारा उजेड मोजणारं यंत्र) ३० मीटर पुढे बघणाऱ्या ड्रायव्हरच्या कोनातून पट्टा मोजतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढं अंतर दीड सेकंदाच्या आत कापते. त्यात रिपोर्टमधला आकडा बहुतेक वेळा कोरड्या पट्ट्याचा असतो. जुलैत ताम्हिणीत मण्यांवर पाण्याचा थर बसतो, उजेड माघारी येतच नाही, वरून धुकं. तिथे भिस्त कॅट आय (रस्त्यात बसवलेली चमकणारी बटणं) आणि वळणावरच्या शेवरॉनवर (वळणाची दिशा दाखवणारे बाणाचे फलक). वळण घेताना सतत निदान दोन शेवरॉन समोर दिसताहेत का, हे दोन्ही बाजूंनी गाडी नेऊन तपासा.

रिपोर्टमध्ये ‘वळणाजवळचा फलक’ असं लिहू नका. किलोमीटर, डावी की उजवी बाजू आणि फोटो द्या, नाहीतर ठेकेदाराचा माणूस भलताच फलक बदलून बिल लावतो.