पितळी समईचं थ्रीडी मॉडेल: आधी चकाकी घालवा

आधी शोधा. खुर्ची, पाना, साधी वाटी यांची तयार मॉडेलं इंटरनेटवर ढिगाने पडली आहेत. ती नव्याने करत बसू नका. फक्त परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या मोफत वापराच्या परवान्यांतला 'बाय' असेल तर कर्त्याचं नाव द्यावंच लागतं, सोबत 'एनसी' असेल तर धंद्यात वापरता येत नाही. फुकट डाउनलोड होतं म्हणून थ्रीडी प्रिंटरवर छापून विकता येतं, असं नाही. पण नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेली तुमच्या घरची समई कुठेच मिळणार नाही. ती फोटोंवरूनच उभी करायची.

'समई लख्ख घासून घ्या' हा सल्ला सर्रास मिळतो. साफ चुकीचा. दोन फोटोंत तोच ठिपका ओळखून सॉफ्टवेअर आकार काढतं. पितळेवरची चमक मात्र तुम्ही हललात की सरकते. सॉफ्टवेअर तिलाच ठिपका धरतं आणि दांड्यावर खड्डे, तबकाला भोकं! माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय. महागडा कॅमेरा घेऊन यात काडीचाही फरक पडत नाही.

पिठी टाल्कम पावडर मऊ ब्रशने लावा, इतकी पातळ की नक्षी बुजायला नको. पण नुसता पांढरा थरही कामाचा नाही, कारण त्यावर ओळखण्यासारखं काहीच नसतं. गेरू पाण्यात कालवा, जुन्या टूथब्रशने अगदी बारीक तुषार उडवा. थेंब ओघळले तर पुसून पुन्हा. (देवघरातली समई असेल तर आधी आजीला विचारा, नंतरचं ऐकून घेण्यापेक्षा बरं.) दांडा आणि तबक फिरवून सुटे होत असतील तर वेगवेगळे काढा, जोडलेल्या समईत तबकाखालचा भाग हटकून अर्धवट येतो.

गच्चीवर, ढगाळ दिवशी, वर्तमानपत्रावर समई ठेवा आणि शेजारी स्टीलची पट्टी. छापील अक्षरं सॉफ्टवेअरला आधार देतात. म्हणूनच समई फिरवू नका, तुम्ही फिरा: खालून, मधून, वरून अशा तीन फेऱ्या, शेजारच्या फोटोंत साधारण ७० टक्के भाग सारखा. फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाची मात्रा) लॉक. फ्लॅश लावलात तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

फोटो मेशरूम या फोटोंवरून मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. ते फुकट आहे, पण पूर्ण कामासाठी एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वर्तमानपत्र कापून टाका, भोकं बुजवा, पट्टीवरून माप बसवा.

रंग फोटोंतून घ्यायचाच नाही, तो गेरूचा येईल. ब्लेंडरमध्ये पिवळसर रंग द्या, मेटॅलिक (धातूपणा) १, रफनेस (खरखरीतपणा) ०.३ च्या आसपास. चमक तिथे हवी तेवढी मिळते.

छापायला देताना एसटीएल फाइल (नुसता आकार साठवणारी) द्या. तिच्यात एकक नसतं, म्हणून दुकानदाराला उंची मिलिमीटरमध्ये लिहून द्या, तोंडी सांगू नका.