स्लाव्हिक शब्दाचं मूळ कसं शोधावं: अहिराणी कानाने

रशिया म्हणजे ऋषींचा देश, सायबेरिया म्हणजे शिबिर, असे मेसेज आपल्याकडे नेहमी फिरतात. माझी भाची रशियात कझानला डॉक्टरकी शिकते. ती ते मला पाठवते आणि विचारते, ‘मावशी, हे खरं का?’ प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर शोधायची एक पद्धत आहे. मी पारोळ्याला मराठी शिकवते, रशियन पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि घरी आईशी अहिराणीच बोलते. शब्दांच्या मुळाशी जाताना या तिन्हींचा उपयोग होतो, सगळ्यात जास्त अहिराणीचा.

जळगावला अहिराणीत जयगाव म्हणतात, धुळ्याला धुये. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, फळ म्हणजे फय. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. पण नवा ळ-वाला शब्द कानावर पडला की अहिराणीत तो कसा होईल हे आपण लगेच सांगतो. शब्दांचं नातं ठरवायचं ते याच कसोटीवर. दोन शब्द कानाला सारखे वाटले म्हणून नातं लागत नाही. फरक ठरलेल्या नियमाने पडला पाहिजे आणि तोच फरक इतर शब्दांतही सापडला पाहिजे. रशियन, पोलिश ज्या कुळातल्या, त्या स्लाव्हिक भाषांतही असेच नियम आहेत. सोन्याला रशियनमध्ये झोलोतो म्हणतात. पोलिशमध्ये त्याचा ल बदलून व होतो आणि शब्द होतो झ्वोतो. (या लेखात झ वाचायचा तो ‘माझा’मधल्यासारखा. रशियन शब्द मी स्पेलिंगप्रमाणे लिहिते आहे. बोलताना जोर नसलेला ओ तिथे आ-कडे झुकतो.)

तर पहिलं काम असं, की शब्द एकटा घ्यायचा नाही. त्याची भावंडं गोळा करायची. पूर्वेकडच्या रशियन, युक्रेनियन, बेलारूसी. पश्चिमेकडच्या पोलिश, चेक, स्लोव्हाक. दक्षिणेकडच्या बल्गेरियन, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन. प्रत्येक गटातली निदान एक भाषा तरी हवी. सहाव्या-सातव्या शतकात हे लोक मध्य आणि पूर्व युरोपभर पसरले, तेव्हा त्यांची बोली जवळजवळ एकच होती. तिन्ही गटांत शब्द सापडला आणि फरक नियमातले निघाले, तर तो त्या काळचा असण्याची शक्यता मोठी.

दुसरं काम म्हणजे संस्कृतशी जोडी लावणं, कारण स्लाव्हिक आणि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या आहेत. इथे मराठी माणसाला मोठी सवलत आहे, कारण अर्धे शब्द आपल्या पाठांतरात असतात. मुख्य नियम थोडेच आहेत. आपल्या भ, ध या महाप्राण ध्वनींच्या जागी तिकडे साधे ब, द येतात: भ्राता आणि ब्रात, धूम आणि दिम, मधु आणि म्योद. संस्कृतच्या श-समोर स येतो: दश आणि देस्यात, श्वेत आणि स्वेत (रशियनमध्ये अर्थ उजेड). संस्कृतच्या ह किंवा ज-समोर पुष्कळदा झ येतो: हिम आणि झिमा (हिवाळा), ज्ञा धातू आणि झ्नात (जाणणे), वहामि आणि वेझु (गाडीतून नेतो). संस्कृतात र असतो तिथे स्लाव्हिकमध्ये कधी ल सापडतो. श्रवस् म्हणजे कीर्ती, ऐकलेली गोष्ट. त्याचाच भाऊ स्लोवो, म्हणजे शब्द.

हे नियम तपासायला सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे सासर. नात्यागोत्याचे शब्द भाषा सहसा बाहेरून घेत नाही. रशियनमध्ये मुलाच्या बायकोला स्नोखा म्हणतात, संस्कृतात स्नुषा, आणि त्याच स्नुषेची प्राकृतातून येता येता आपली सून झाली. नवऱ्याचा भाऊ देवेर, संस्कृत देवृ, आपला दीर. व्दोवा म्हणजे विधवा. स्नोखा-स्नुषामध्ये एक नियम दडलेला आहे. मुळातला स हा र, उ, क, इ यांच्यानंतर आला, की संस्कृतात त्याचा ष होतो आणि स्लाव्हिकमध्ये ख. शुष्क आणि सुखोय ही जोडीही तशीच. त्याच शुष्कावरून आपला सुका आला. शब्दाच्या सुरुवातीला मात्र स टिकतो, म्हणून सूनु आणि सिन (मुलगा) दोन्हीकडे स-नेच सुरू होतात.

सासरा-सासू अवघड आहेत, आणि मला याच जोडीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. रशियन स्व्योकोर आणि स्वेक्रोव्ह, संस्कृत श्वशुर आणि श्वश्रू. नियमाने रशियनमध्ये मधे स हवा होता, तिथे क आहे. संस्कृतात सुरुवातीला स हवा होता, तिथे पुढच्या श-च्या ओढीने श झाला आहे. म्हणजे दोन्ही भाषा एकेका जागी वाट सोडून गेल्या. तरीही बाकीचे सगळे ध्वनी जुळतात, अर्थ तोच राहतो आणि लॅटिनमधला सोकेर साक्षीला उभा असतो. म्हणून नातं मान्य होतं. अपवाद दिसला की शब्द टाकून द्यायचा नाही, अपवाद कुठे आणि का पडला ते लिहून ठेवायचं.

तिसरी पायरी स्वरांची. ‘कापूस’ला प्रत्यय लागला की ‘कापसाचा’ होतं, ऊ गळतो. रशियनमध्येही असे पळणारे स्वर आहेत. झोप म्हणजे सोन, झोपेचा म्हणजे स्ना. दिवस म्हणजे देन, दिवसाचा म्हणजे द्न्या. जुन्या स्लाव्हिकमध्ये दोन अगदी आखूड स्वर होते. दहाव्या ते बाराव्या शतकांत ते काही जागी गळाले आणि काही जागी पूर्ण स्वर झाले. आपण ‘घर’ लिहितो आणि शेवटचा अ उच्चारत नाही, तसं रशियन लोक शब्दाच्या शेवटी त्या मेलेल्या स्वराचं अक्षर १९१८ च्या लेखनसुधारणेपर्यंत लिहीत होते. म्हणून असा शब्द दिसला की तो हलका स्वर आधी परत बसवायचा आणि मग तुलना करायची. सोन हा मग स्वप्नाजवळ येतो, देन हा दिनाजवळ.

आता तत्सम-तद्भव. हा भाग मराठी शिकवणाऱ्यांनी आवर्जून वाचावा. आपल्याकडे क्षेत्र आणि शेत, गृह आणि घर दोन्ही नांदतात. एक ग्रंथातून आलेला, दुसरा तोंडातोंडी झिजत आलेला. रशियनमध्येही अशा जोड्या आहेत. शहर म्हणजे गोरोद, पण लेनिनग्राद, वोल्गोग्राद या नावांत ग्राद. डोकं म्हणजे गोलोवा, पण पुस्तकातलं प्रकरण किंवा प्रमुख म्हणजे ग्लावा. दूध म्हणजे मोलोको, पण आकाशगंगेच्या नावात म्लेच्नी. ग्राद, ग्लावा ही रूपं दक्षिणेकडची आहेत. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचे दोन भाऊ, कॉन्स्टंटाइन म्हणजेच सिरिल आणि मेथोडियस, ८६३ साली मोराव्हियाला (आजच्या चेक देशाच्या बाजूला) गेले. त्यांनी आपल्या भागातल्या स्लाव्हिक बोलीत धर्मग्रंथ उतरवले. ९८८ साली कीव्हच्या राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ही ग्रंथभाषा पूर्वेकडेही रुजली. आपल्याकडे संस्कृतने जे केलं तेच काम तिने तिकडे केलं. म्हणून रशियन शब्दाचं मूळ शोधताना आधी विचारायचं, हा घरचा की पोथीतला? र किंवा ल-च्या दोन्ही बाजूंना स्वर असेल, ओरो, ओलो, एरे असा, तर बहुधा घरचा.

हाच नियम एका शब्दाची तारीखही सांगतो. राजा म्हणजे रशियनमध्ये कोरोल, पोलिशमध्ये क्रुल, चेकमध्ये क्राल. तिन्ही रूपं गोरोद-ग्रादच्या वाटेने गेली आहेत. आणि हा शब्द आला आहे कार्ल या नावावरून, म्हणजे फ्रँक सम्राट शार्लमेन, मृत्यू ८१४. याचा अर्थ हा बदल त्याचं नाव स्लाव्हिक लोकांच्या तोंडी बसल्यानंतर पुरा झाला. एका माणसाच्या नावावरून ध्वनिनियमाचं वय काढता येतं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

त्यापुढचा प्रश्न उसनवारीचा. साखर आणि रशियन साखार ऐकून कुणालाही सख्खी भावंडं वाटतील. पण तो शब्द भारतातूनच व्यापाराबरोबर निघाला आणि ग्रीकमार्गे तिकडे पोहोचला. बाझार आणि सुंदुक (आपली संदूक) हे फारसी-अरबी शब्द तुर्की भाषांच्या हातून रशियनमध्ये गेले आणि आपल्याकडे दुसऱ्या वाटेने आले. कझानच्या आसपास तातार लोकवस्ती आहे, तिथे असे शब्द जास्त सापडणारच. पाव म्हणजे ख्लेब, तो जर्मानिक भाषांतून आलेला. आपल्या कापसाला पोलिशमध्ये बावेव्ना म्हणतात. तो जर्मन बाउमवोले, म्हणजे झाडाची लोकर, यावरून घेतला आहे. वस्तू बाहेरून आली की नावही बहुधा बरोबर येतं, म्हणून पीक, कापड, मसाला, हत्यार यांच्या नावांकडे आधी संशयाने पाहावं.

शब्द कुठे तोडायचा यातही घात होतो. अस्वल म्हणजे मेद्वेद. आजचा रशियन माणूस ऐकताना मेद (मध) आणि वेद (जाणणे) असा तोडतो आणि ‘मध जाणणारा’ असा अर्थ लावतो. खरी फोड मेदु आणि एद अशी आहे, म्हणजे मध खाणारा. मधला व हा मेदुमधल्या उ-चा झालेला आहे. ऋग्वेदात मध्वद असा शब्द आहे, पक्ष्यांना लावलेला. त्याची घडण तीच, मधु आणि अद्. आणि अस्वलाचं मूळ नाव, संस्कृत ऋक्षचं भावंड, स्लाव्हिक लोकांनी टाकून दिलं, कारण जंगलात त्याचं नाव घ्यायचं नसे. आपल्याकडे रात्री सापाला साप न म्हणता जनावर किंवा लांबडं म्हणतात, तेही याच भीतीने. एखाद्या प्राण्या-पक्ष्याच्या घरच्या वाटणाऱ्या नावाची संस्कृत जोडी सापडली नाही तर ही शक्यता तपासावी.

एवढं केल्यावर कोश उघडायचा. आधी नाही. रशियनसाठी माक्स फास्मर यांचा व्युत्पत्तिकोश घ्यावा. तो १९५० ते १९५८ या काळात जर्मनमध्ये निघाला आणि ओलेग त्रुबाचोव्ह यांनी केलेलं त्याचं रशियन भाषांतर चार खंडांत आहे. १९४४ मध्ये बर्लिनवरच्या बाँबहल्ल्यात फास्मर यांचा ग्रंथसंग्रह आणि टिपणं जळाली, तरी त्यांनी हे काम पुरं केलं. नोंदीत आधी स्लाव्हिक भावंडं येतात, मग लिथुआनियन-लाटव्हियन, मग इतर. ‘द्र.-इंद.’ असं संक्षिप्त रूप दिसलं की ते ‘जुनी भारतीय’, म्हणजे आपली संस्कृत. शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी मांडलेलं आहे. चौकोनी कंसातली, शेवटी त्रुबाचोव्ह यांच्या नावाचं अक्षर असलेली भर नंतरची असते, ती वगळू नये. मराठी बाजूसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश जवळ ठेवावा. १९५२ च्या अमळनेरच्या साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते.

एक शब्द पूर्ण करून दाखवते. बेरेझा, रशियातलं पांढऱ्या सालीचं झाड. भावंडं: पोलिश ब्झोझा, चेक ब्रिझा, सर्बियन ब्रेझा. तिन्ही गट झाले. रशियनमध्ये एरे आहे, म्हणजे घरचा शब्द, मूळ बेर्झा असा काहीतरी. लिथुआनियनमध्ये बेर्झास. आता नियम लावा. ब-समोर भ, झ-समोर ज. संस्कृतात भूर्ज मिळतो, आणि भूर्जपत्र आपल्याला माहीत आहेच. नोव्हगोरोद या जुन्या रशियन शहरात १९५१ पासून याच झाडाच्या सालीवर खरडलेली जुनी पत्रं जमिनीतून निघत आहेत. उधारी, निरोप, लग्नाची बोलणी, असा साध्या माणसांचा मजकूर. त्यांवरून भाषाशास्त्रज्ञ आंद्रेय झालिझ्न्याक यांनी दाखवलं, की बाकी सगळीकडे क-चा त्स झाला तिथे नोव्हगोरोदच्या बोलीत क टिकून होता. ग्रंथभाषेत न सापडणारी गोष्ट बोलीने जपली होती. अहिराणीला अशुद्ध म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगते.

आता मेसेजकडे. ऋषी आणि रशिया यांत फक्त आवाज सारखा आहे. जुनं नाव रुस, आणि बहुतेक अभ्यासक ते स्वीडनच्या फिनिश नावाशी, रुओत्सीशी जोडतात. ऋषीवरून ते यावं तर दुसऱ्या शब्दांतही संस्कृत ऋ-समोर रु आणि ष-समोर स दिसायला हवा. वृक म्हणजे रशियनमध्ये वोल्क, आणि ष-समोर ख येतो हे वर स्नोखात पाहिलंच. नियम बसत नाही.

सुरुवातीला ओगोन (आग), नोच (रात्र), द्वेर (दार), ओव्त्सा (मेंढी) हे चार घ्या. अग्नि, नक्त, द्वार, अवि लगेच हाती लागतील. मग सोबाका, कुत्रा, घ्या. संस्कृत श्वन् पाहून नातं जोडावंसं वाटेल. पण श्वेत-स्वेतच्या नियमाने तिथे स्व हवा होता आणि आहे ब. इराणी भाषांत मात्र आपल्या श्व-चा स्प होतो, आणि प्राचीन इराणमधले मीड लोक कुत्रीला स्पाका म्हणत असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलं आहे. फास्मर म्हणूनच हा शब्द इराणीतून घेतलेला मानतात.