एकाच संगणकावर गिटहबची दोन खाती कशी सांभाळावीत

कार्यालयाचे एक आणि स्वतःचे एक अशी गिटहबची (गिट या साधनाने सांभाळलेला कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाची) दोन खाती एकाच लॅपटॉपवर वापरायची असतील, तर दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवाव्या लागतात: रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) प्रवेश कोणत्या खात्याने मिळणार आणि कमिटवर (नोंदवलेल्या प्रत्येक बदलावर) नाव कोणाचे उमटणार. पहिली गोष्ट एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करण्याची पद्धत) किल्लीवर अवलंबून असते, दुसरी गिटच्या सेटिंगवर. किल्ल्यांची सोय लागली की माणूस निर्धास्त होतो. मीही झालो होतो. पण कार्यालयाच्या कमिटांवर माझा खासगी जीमेल पत्ता उमटत होता. तीन आठवड्यांनी माझा कोड तपासताना एका सहकाऱ्याने विचारले, ‘हा जीमेलवाला कोण?’

(पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टंकताना अर्थातच रोमन लिपी वापरावी.)

प्रथम ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा दोनदा चालवून ‘ईडी२५५१९’ प्रकारच्या दोन किल्ल्या तयार कराव्यात. फाइल कुठे ठेवायची असे विचारले जाते, तेव्हा नुसते एंटर न दाबता ‘.एसएसएच’ फोल्डरच्या पूर्ण पत्त्यासह ‘ऑफिस’ आणि ‘घर’ अशी वेगळी नावे द्यावीत, नाहीतर दुसरी किल्ली पहिलीच्या जागी बसण्याचा धोका असतो. मग शेवटी ‘.पब’ असलेल्या फाइलमधील मजकूर त्या त्या खात्याच्या सेटिंगमध्ये चिकटवावा. एकच किल्ली दोन्ही खात्यांना जोडता येत नाही, कारण एसएसएचने जाताना प्रत्येकाचे वापरकर्तानाव ‘गिट’ हेच असते आणि तुम्ही कोण हे गिटहब केवळ किल्लीवरून ओळखते.

यानंतर ‘.एसएसएच’ फोल्डरमधील ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘होस्ट’चे दोन भाग लिहावेत. एकाला ‘गिटहब-ऑफिस’ आणि दुसऱ्याला ‘गिटहब-घर’ असे टोपणनाव द्यावे; दोन्हींत ‘होस्टनेम’ गिटहब डॉट कॉम आणि ‘युजर’ गिट, मात्र ‘आयडेंटिटीफाइल’पुढे ज्याची त्याची किल्ली. ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ ही ओळ अजिबात गाळू नये. ती नसेल तर एसएसएच एजंटमधील (किल्ल्या लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्राममधील) किल्ल्याही पुढे केल्या जातात, त्यांतील ओळखीची पहिली किल्ली गिटहब स्वीकारते, आणि डोळ्यांसमोर असलेली खासगी रिपॉझिटरी ‘सापडली नाही’ असा बुचकळ्यात टाकणारा संदेश येतो.

क्लोन करताना (रिपॉझिटरीची प्रत आपल्या संगणकावर घेताना) पत्त्यातील गिटहब डॉट कॉमच्या जागी हे टोपणनाव लिहावे. आधी क्लोन केलेल्या रिपॉझिटरीत ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ने पत्ता बदलता येतो. ‘एसएसएच -टी’पुढे (येथील टी कॅपिटल) ‘गिट@गिटहब-ऑफिस’ लिहून पाहिल्यास गिटहब खात्याचे नाव घेऊन ‘हाय’ म्हणते. ते नाव नीट वाचावे.

आता कमिटवरील नाव. कार्यालयाचे सर्व प्रकल्प एका फोल्डरमध्ये आणि स्वतःचे दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. मुख्य ‘.गिटकॉन्फिग’ फाइलमध्ये ‘इन्क्लूडइफ’ची अट लिहिली, की त्या त्या फोल्डरमधील रिपॉझिटरींना वेगळ्या फाइलमधील नाव व ईमेल आपोआप लागू होते. ही सोय २०१७ सालच्या गिट २.१३ पासून आहे. अटीत ‘गिटडिर:’नंतरच्या फोल्डरच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवीच, तिच्यामुळेच आतील सर्व रिपॉझिटरी अटीत बसतात.

मुख्य फाइलमध्ये ईमेल मुळीच ठेवू नये, उलट ‘युजर.यूजकॉन्फिगओन्ली’ ट्रू करावे, असे माझे मत आहे. त्यामुळे दोन्ही फोल्डरांबाहेर चुकून कमिट करू गेल्यास गिट अंदाजाने ईमेल न घालता सरळ नकार देते. खात्री करण्यासाठी रिपॉझिटरीच्या आत जाऊन ‘गिट कॉन्फिग युजर.ईमेल’ चालवावे, नुसत्या वरच्या फोल्डरमध्ये चालवल्यास काहीच दिसत नाही आणि व्यवस्था बिघडली असे उगाच वाटते.

चुकीच्या ईमेलचे शेवटचे कमिट अजून पुश केले (गिटहबवर पाठवले) नसेल, तर ‘गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर’ पुरेसे आहे. पुश झालेल्या जुन्या कमिटांना मात्र हात लावू नये: ईमेल बदलला की त्या कमिटचा आणि त्यापुढील प्रत्येक कमिटचा हॅश (कमिटची ओळखखूण) बदलतो, आणि तो गोंधळ संपूर्ण चमूला निस्तरावा लागतो. माझी ती तीन आठवड्यांची कमिटे अजूनही जीमेलच्याच नावावर आहेत.