हेवीवेट बॉक्सरांवर वाद घालायचा, तर असा घाला

माझा धाकटा भाऊ एमएमएचा (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींचा) भक्त, मी बॉक्सिंगचा. 28 ऑक्टोबर 2023 ला रियाधमध्ये एमएमएतून आलेल्या फ्रान्सिस नगानूने बॉक्सिंगच्या लढतीत तिसऱ्या फेरीत डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) हेवीवेट विजेत्या टायसन फ्युरीला पाडलं, तेव्हा भाऊ ताडकन उभा राहिला. "दादा, संपलं तुमचं बॉक्सिंग!" त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. लढत फ्युरीने जिंकली होती, तरी वाद भावाने जिंकला. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. त्या वहीतून जे शिकलो, ते सांगतो.

सगळ्यात आधी प्रश्न ठरवून घ्या. 'मोठा कोण?' हा प्रश्नच अर्धवट आहे. एकाच्या मनात 'दोघे आपापल्या सर्वोत्तम दिवशी भिडले तर' असतं, दुसऱ्याच्या मनात सगळी कारकीर्द असते, आणि दोघे तासभर भांडत राहतात. डिऑन्टे वाइल्डरचंच बघा. त्याच्या उजव्या हाताची ताकद विचारली तर मी त्याला फार वर ठेवतो. बाराव्या फेरीत, गुणांवर मागे असतानाही तो एका ठोशात लढत फिरवू शकायचा. पण कारकीर्द विचारली, तर त्याने सलग 10 वेळा किताब राखला त्यात लुईस ऑर्टिझवरच्या दोन विजयांपलीकडे मला फारसं वजनदार काही दिसत नाही.

मग समोरच्याचं त्या दिवसाचं वय आणि अवस्था लिहून काढा. व्लादिमीर क्लिचकोला फ्युरीनेही हरवलं, अँथनी जोशुआनेही. पण फ्युरीने नोव्हेंबर 2015 मध्ये डसेलडॉर्फला हरवलेला क्लिचको 39 वर्षांचा आणि 2004 पासून एकही लढत न हरलेला होता. जोशुआसमोर एप्रिल 2017 मध्ये वेम्बलीला आलेला क्लिचको 41 वर्षांचा होता आणि त्या पराभवानंतर थेट रिंगमध्ये उतरत होता. म्हणून पराक्रम फ्युरीचा मोठा, असं माझं ठाम मत आहे. लढत म्हणून मात्र जोशुआचीच पुन्हा पुन्हा पाहावी. सहाव्या फेरीत पडून उठलेला माणूस अकराव्या फेरीत संपवतो, हे रोज दिसत नाही.

'अपराजित' या शब्दाला भुलू नका. लेनॉक्स लुईस 1994 मध्ये ऑलिव्हर मॅक्कॉलकडून आणि 2001 मध्ये हसीम रहमानकडून नॉकआउट झाला. पुढे दोघांनाही त्याने गाठून हरवलं. माझ्या लेखी हे कोऱ्या पाटीपेक्षा मोलाचं आहे. आणि पाटी कोरी असेलच, तर ती कुठे कोरी राहिली ते विचारा. ओलेक्झांडर उसिकने क्रूझरवेटमध्ये (हेवीवेटच्या खालच्या वजनगटात) मार्को हुकला बर्लिनला, ब्रिएडिसला रिगाला, गासिएव्हला मॉस्कोला हरवलं. मग हेवीवेटला येऊन जोशुआला लंडनमध्ये. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या प्रेक्षकांसमोर. उसिकबद्दल वाद घालताना मी याच मुद्द्यापासून सुरुवात करतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. ज्या लढतीवर बोलायचं ती आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक फेरीचे गुण स्वतः लिहा. समालोचकाच्या उत्साहाने आपले डोळे फिरतात, प्रेक्षकांच्या आरोळीने तर हमखास. 18 मे 2024 ची उसिक आणि फ्युरीची पहिली लढत मी अशी दोनदा पाहिली. नवव्या फेरीत उसिकने फ्युरीला डाव्या हातांनी इतकं बडवलं की तो एका दोरावरून दुसऱ्या दोरावर आदळत होता. अंगाने तो खाली पडला नव्हता, दोरांनी सावरला होता. रेफरीने त्यालाच पडणं मानून आकडे मोजले, आणि त्यामुळे एरवी 10-9 राहिली असती ती फेरी 10-8 झाली. अंतिम स्कोरकार्डं होती उसिकला 115-112 आणि 114-113, तिसरं फ्युरीला 114-113. तो एक गुण फ्युरीला परत देऊन पाहा: मधलं कार्ड 114-114 होतं आणि लढत बरोबरीत सुटते. रेफरीचा निर्णय योग्यच होता असं मी मानतो, कारण दोर नसते तर फ्युरी जमिनीवर गेला असता. पण एवढा हिशेब माहीत असला की 'फ्युरीला लुटलं' म्हणणाऱ्याशी आणि 'उसिकने धुऊन काढलं' म्हणणाऱ्याशी, दोघांशीही बोलता येतं.

बॉक्सर आणि एमएमएवाल्यांच्या लढतींचा वाद निघाला, तर आधी विचारा: नियम कोणाचे? 1976 मध्ये टोकियोत बॉक्सर मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अँटोनियो इनोकी भिडले, तेव्हा इनोकी बराच वेळ आडवा पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. 15 फेऱ्यांनंतर बरोबरी. 2010 मध्ये एमएमएच्या लढतीत रँडी कूटूरने जेम्स टोनीचा घोट्याजवळून पट काढला आणि पहिल्याच फेरीत गळा आवळून विषय संपवला. टोनीसारखा कसलेला बॉक्सर, पण पाठ जमिनीला लागल्यावर त्याच्याकडे काहीच नव्हतं. तरी यावरून लगेच नियम काढू नका. त्याच्या आदल्या वर्षी 48 वर्षांच्या रे मर्सर या बॉक्सरने एमएमएच्याच लढतीत एमएमएवाल्या टिम सिल्व्हियाला 9 सेकंदांत झोपवलं होतं. सिल्व्हिया उभ्याने ठोसे खेळायला गेला, पट काढलाच नाही.

ग्लव्हज 10 औंसांचे की 4 औंसांचे, फेरी 3 मिनिटांची की 5, यानेही लढत बदलते. बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला आकडे मोजेपर्यंत श्वास मिळतो. एमएमएत प्रतिस्पर्धी अंगावर येऊन बसतो.

नगानूचा मुद्दा मात्र थोडा थांबून मांडावा लागतो. व्यावसायिक बॉक्सिंगची पहिलीच लढत, समोर डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा विजेता, आणि तरी तो 10 फेऱ्या टिकला, एका पंचाच्या कार्डावर तर 95-94 असा पुढे होता. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं, मी आता भावाला ते देतो. पण पुढच्याच मार्चमध्ये जोशुआने त्याला दुसऱ्या फेरीत बेशुद्ध केलं. भावाचं म्हणणं, फ्युरी उसिकशी थोडक्यात हरला, म्हणजे नगानूही उसिकच्या तोडीचा. असा त्रैराशिकाचा हिशेब कोणी मांडला की डॅनियल दुबुआचं नाव काढा. नगानूला झोपवणाऱ्या जोशुआला दुबुआने सप्टेंबर 2024 मध्ये पाचव्या फेरीत झोपवलं, आणि त्या दुबुआला उसिकने 2023 मध्ये आणि 2025 मध्ये, दोन्ही वेळा मुदतीआधीच संपवलं. ठोशांची शैली, अंतर, त्या महिन्यातली तयारी, हे बेरीज-वजाबाकीत बसत नाही.

सध्या आमच्यात उसिक मोठा की इव्हँडर होलिफील्ड, हे चालू आहे. दोघेही क्रूझरवेटचे निर्विवाद विजेते होऊन वर आलेले. भाऊ उसिकच्या बाजूने, मी अजून होलिफील्डच्या. येत्या रविवारी आम्ही 1992 ची होलिफील्ड आणि रिडिक बो यांची लढत लावणार आहोत, आवाज बंद करून, दोघांच्या हातात वेगळे कागद. होलिफील्ड ती हरला हे मला ठाऊक आहे. तरी तिची दहावी फेरी मला भावाला दाखवायची आहे.